तिकडचं घड्याळ

प्रिय बयो हिला मामाचे भरभरून आशीर्वाद.

तू बरी असशील आणि तिकडे परदेशातल्या थंडीत कान झाकून हिंडत असशील, असं धरून चालतो. इथे मी ठणठणीत आहे. तुझ्या मामीचे गुडघे कुरकुरतात, पण मामी माझ्याबद्दल जेवढी कुरकुरते त्या मानाने कमीच.

विषय गंभीर आहे. गेल्या सुट्टीत तू तुझा जुना कॉम्प्युटर माझ्या कुलपांच्या दुकानात लावून दिलास (तोच, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं दाखवणारा). त्यात भाषा, घड्याळ, बटणांची मांडणी, सगळं तुझ्या सवयीने तिकडचं होतं. कीबोर्ड तेवढा इथे घेतलेला, त्यामुळे त्यावरचं झेड दाबलं की वाय उमटायचं आणि वाय दाबलं की झेड. माझा हात त्यालाही सरावला होता. पण परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "मामा, दुकान तुमचं आणि मशीन परक्याचं कसं?" ते मला लागलं. त्याच दिवशी सगळं इकडचं करायला बसलो.

आधी अक्षर मोठं करायला गेलो, तर एकेक शब्द अख्खा पडदा अडवून बसला. अक्षराचं दुसरं वळण निवडलं, तर सगळीकडे चौकोनच चौकोन. तिसरं जमलं (कसं, ते विचारू नकोस). मग मशीनने भाषा विचारली, देश विचारला, घड्याळ कुठलं ते विचारलं, बटणांची मांडणी विचारली. मी छाती काढून सगळीकडे आपलं ते निवडलं आणि मशीन बंद करून पुन्हा लावलं. त्याने परवलीचा शब्द मागितला. तो म्हणजे तुझं हे लाडाचं नाव, इंग्रजी अक्षरांत. मी नेहमीसारखं वायसाठी झेड दाबलं. चूक. पुन्हा दाबलं, पुन्हा चूक. आणि हा शब्द टाइप करताना पडद्यावर साधा ठिपकाही उमटत नाही, त्यामुळे चुकतंय काय तेही कळेना. अर्ध्या गावाची दारं उघडून देणारा मी, माझ्याच दुकानात घामाघूम झालो. तेवढ्यात तुझी मामी आली, पाठीशी उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "अहो, आता बटणावर लिहिलंय तेच दाबा की!" उघडलं. (मी तेच करणार होतो, असं तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.)

पण मग तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. "घड्याळही बदललंत?" एवढंच म्हणाली आणि घरी गेली. जेवताना ताटही नुसतं सरकवलं. शेवटी खोदून विचारलं तेव्हा कळलं. ती रोज चहा घेऊन दुकानात यायची ती ते घड्याळ बघायला. बयो आता उठली असेल, आता कामावर पोचली असेल, आता झोपली असेल, फोन नको करायला. मला वाटायचं, बाई माझ्यासाठी येते. वाईट वाटलं ग. चहाही बंद झालाय.

मशीन बाकी झकास चाललंय. काळजी नसावी.

तुझा,
मामा

ता. क. घड्याळ पुन्हा तिकडचं कसं करायचं, ते पायरी-पायरीने कळव. बटणं मात्र आता आपलीच राहू देत. त्यात तडजोड नाही.

ता. क. २. मामीने पत्र वाचलं. ती म्हणते, बटणंही तिकडचीच करा. पोर येईल तेव्हा तिची बोटं अडखळायला नकोत. तेव्हा तेही कळव. किंवा असं कर, कळवू नकोस. येऊन करून जा.