कपिला आली तशी

पलूस, मंगळवार, डिसेंबर १९४४

सखूआजीला संध्याकाळी तिच्या शिवाचं लढाईवरून आलेलं पत्र वाचून दाखवलं. सेन्सॉरनं निम्मं काळं केलेलं. शेवटची ओळ तेवढी धड: 'पुराच्या साली आपली कपिला आली, तसा येतोय.'

मी पेढे मागितले. आजीनं पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "आवं मास्तर, कपिला गाय पुरात व्हावून गेल्ती. तिसऱ्या दिशी आली, पर पाय मोडून."

पेढे कसले मागितले मी? मायलेकांची ही भाषा घरात घडलेल्या गोष्टींवर चालते. ती गोष्ट ठाऊक नसेल तर माझं वाचन फुकट.

उत्तर काय लिहू, विचारलं. तिनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "लिवा, कपिलेला आमी शेवटपतूर हातानं चारा घातला."