पाठमोरी फुलवाली

आई, तू गेल्यावर मला सिनेमात कामं मिळू लागली, म्हणून माझ्या खंबीर बायका तू पाहिल्या नाहीस. बरंच झालं. सरपंचीण, फौजदारीण, दारूचा गुत्ता फोडणारी विधवा; प्रत्येकीच्या वाट्याला एक थोबाडीत असते, द्यायची. मुलाखतीत विचारतात, ही ताकद येते कुठून? मी सांगते, आईकडून. सगळे माना डोलावतात आणि मला संशय येतो. ज्या शब्दाची व्याख्या कुणीच मागत नाही तो आधी तपासावा, एवढं तरी संस्कृत पाठशाळेत शिकले. तिथे तूच घातलंस मला, आणि वर चिडवायचीस, "आता देवभाषेत झेंडू विक हां!"

यंदा खरोखरच फुलवाली वाट्याला आली. चित्रीकरण आपल्याच गोदाकाठी. दिग्दर्शक पोरसवदा आहे. म्हणाला, "ताई, व्यापारी मालाला नावं ठेवतो, तुम्ही पाटी त्याच्या डोक्यावर उलटी करायची."

"आमच्या मखमलाबादची बाई फुलं फेकत नाही रे. विकायची असतात तिला."

"मग काय करते?"

मग नेहमीची गोष्ट सांगितली. दसऱ्याच्या आदल्या सकाळी तो जाडा व्यापारी आपल्या ढिगाला चपलेनं ढोसत म्हणाला होता, "शिळा माल हाय. नवऱ्याला पाठव, तुला काय कळतंय?" दादा वारल्याचं त्याला ठाऊक होतं. तू त्याच्याकडे पाठ केलीस. बादलीतलं पाणी फुलांवर शिंपडलंस, एक ओंजळ स्वतःच्या तोंडावर मारलीस आणि वळून म्हणालीस, "पाय काढ. फुलं देवाला जायची हायेत." त्यानं काढला. या गोष्टीला मला हमखास टाळ्या मिळतात.

पोरगा खूश झाला. "तुम्ही पाठ फिरवता ना, तेव्हा कॅमेरा समोर ठेवू. चेहरा जवळून घेऊ."

तिथे माझी पंचाईत झाली. मी तराजू धरून व्यापाऱ्याच्या बाजूला उभी होते. मला दिसली ती तुझी पाठ. इतकी वर्षं मी त्या पाठीलाच खंबीर म्हणत आले. शिवाय त्या सकाळी नदीकाठी गारठा होता. अशा थंडीत तोंडावर पाणी कोण मारून घेतं?

शॉटमध्ये मी वळले, शिंपडलं, ओंजळ उचलली. चेहरा कुठला करायचा ते शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. तो आपसूकच झाला, आणि पाणी वेळेवर आलं. "काय ताकद आहे!" पोरगा ओरडला. मेकअपवाली टॉवेल घेऊन धावली. "ताई, डोळे लाल झालेत. पाणी गेलं का?"

"हो," म्हटलं. त्या दिवशी मीही तुला हेच विचारलं होतं, आणि तुझं "हो" मला खरं वाटलं होतं.

हे कागदावर राहील, पाठवणार कुठे? आता ती गोष्ट मुलाखतीत सांगायची नाही, असं ठरवलंय. पण मला मी ओळखते. सांगेन, फक्त ओंजळीपाशी आल्यावर जरा घाई करीन.