ड्युलसी आत्याच्या गाडीचं पासिंग

ब्रॉटन, सोमवार

आदरणीय ड्युलसी आत्या यांस,

नॉर्मनचा नमस्कार, आणि ग्लेनिसचाही (तिचे हात पिठात आहेत, म्हणून तिने तो स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितला आहे). खुबा कसा आहे? रात्री झोप लागते का? ग्रेंजच्या शुश्रूषागृहातली समुद्रावरची हवा मानवते आहे, की मेट्रनबाई म्हणतात त्याप्रमाणे तुम्ही खिडकी बंद करून त्या हवेकडे पाठ करून बसता? आम्ही इकडे मजेत आहोत. माझं मनगट जरा सुजलं आहे, गुडघा खरचटला आहे आणि घसा बसला आहे, पण ह्या सगळ्याची कारणं पुढे ओघाने येतीलच, काळजी नसावी. फोन करूनही हे सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही 'पास की नापास?' एवढंच विचारता आणि माणसाला पुढे बोलूच देत नाही. पत्रात तुम्हाला माझ्या क्रमानेच ऐकावं लागेल. (शेवटचं पान आधी उघडू नका. तुम्ही उघडणार हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो.)

तुमची अट आम्ही विसरलेलो नाही. इतकी वर्षं घरोघरच्या आजाऱ्यांसाठी बर्फातून, पुरातून, धुक्यातून मोटरसायकल चालवणारी नर्सबाई शेवटी स्वतःच्याच स्वयंपाकघरात मांजराच्या ताटलीवरून घसरून पडते, हा अपमान तुमच्या किती जिव्हारी लागला आहे हेही आम्हाला कळतं. पण 'ह्या वर्षी गाडी पास झाली तर मी उल्फा गावातल्या माझ्या घरी परत येईन, नापास झाली तर घर विकून इथेच राहीन' असं तुम्ही जाहीर केलंत, आणि निकाल लागेपर्यंत खुर्चीतून उठायचंच नाही असं ठरवलंत, हे आत्या, जरा जास्तच झालं. तुम्हाला चालायला शिकवायला येणारी ती मुलगी रडकुंडीला आलेली आहे म्हणे. आणि एका म्हाताऱ्या गाडीवर, तिच्याहून वाईट म्हणजे माझ्यावर, तुम्ही एवढं ओझं टाकलंत. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मोटरसायकलचं लायसन्स मी एकोणिसाव्या वर्षी काढलं ते मिलममधल्या एका मुलीवर छाप पाडण्यासाठी. छाप पडली नाही, पुढे तिनेच माझ्याशी लग्न केलं आणि गाडीवर बसायला बंदी घातली.

तर तपासणी ठरली त्या मंगळवारी तुमच्या शेडचं दार उघडलं, ताडपत्री ओढली, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते म्हणजे सुटका झाली. पाच महिने उभी असलेली, तिशी उलटलेली गाडी. टाकीवर कोंबड्यांनी मुक्काम केलेला. ही काही सुरू होत नाही, आपण आत्याला तसं कळवू, चहा पिऊ आणि घरी जाऊ. केवळ कर्तव्य म्हणून मी बटण दाबलं. आत्या, ती सुरू झाली. खोकली नाही, कुरकुरली नाही. आपण हाक मारायची खोटी की लगेच 'ओ' देणारं माणूस असतं ना, तशी. मी तिथेच कोंबड्यांमध्ये उभा राहून बघत बसलो. एवढं इमानदार काही मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. (ग्लेनिस म्हणते, 'आणि मी?' हे कंसात आहे, तिने वाचायची गरज नव्हती.)

पासिंग संपलेलं असलं तरी आधी वेळ ठरवून तपासणीला गाडी नेता येते, एवढीच कायद्याची मुभा. म्हणून मी थेट फिअरनच्या गॅरेजकडे, कॉर्नी फेलच्या डोंगररस्त्याने निघालो. चढावर ती अशी गेली की मला गावंसं वाटलं, आणि गायलोही. आवाज बसण्याचं एक कारण ते. दुसरं कारण उतारावर भेटलं. तिथे रस्त्याच्या मधोमध एक हर्डविक जातीची डोंगरी मेंढी रवंथ करत उभी होती. मी हॉर्न दाबला, काही झालं नाही. मागचा ब्रेक दाबला, त्याचाही काही परिणाम झाला नाही. पुढचा दाबला, तेव्हा गाडीने माझं म्हणणं विचारात घेतल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. मग मी ओरडलो. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज मी इतक्या वर्षांनी पुन्हा काढला, आणि मेंढीने एक पाऊल बाजूला घेतलं. मला खात्री आहे की ती माझ्या ओरडण्याने हलली नाही. तिने गाडी ओळखली. तिच्या पूर्वजांनी तुम्हाला वाट दिलेली असणार. पुढे गॅरेजच्या अंगणात मी जुन्या टायरांच्या ढिगाऱ्यात जाऊन थांबलो (मनगट आणि गुडघा). टायर आडवे पडले, मी पडलो, गाडी मात्र तशीच उभी, इंजिन शांतपणे चालू.

आयझॅक फिअरन तुम्हाला माहीतच आहे. हा बोलायला लागला की रविवारच्या प्रवचनासारखा बोलतो आणि स्वतःच्या प्रत्येक वाक्यावर स्वतःच मान डोलावतो. पण तुमची गाडी त्याने मचाणावर चढवली आणि एकदम गप्प झाला. कारण आत्या, तुम्ही ती गाडी दुरुस्त करत नव्हता, तिच्यावर उपचार करत होता, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सायलेन्सरच्या भोकावर प्लास्टर घातलेलं. मोडलेल्या हाताला घालतात तेच, आणि त्यावर कुणीतरी पेनाने 'लवकर बरी हो' असं लिहून सहीसुद्धा केलेली. हँडलच्या मुठीला क्रेप बँडेज. सीट उसवली होती तिथे इतके सुरेख टाके की ग्लेनिसने नंतर भिंग लावून पाहिले. गळणाऱ्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरला तेल टिपायला गॉज. नंबरप्लेटला घसा तपासायच्या लाकडी पट्टीचा आधार. फिअरनने टोपी काढली. तो म्हणाला की इतकी वर्षं गाड्या तपासतोय, पण वॉर्डात आल्यासारखं आजच वाटलं.

मग तो कामाला लागला. हेडलाइट रस्त्याकडे नव्हे तर थेट आभाळाकडे बघत होता. त्यावर फिअरनचं मत असं की त्या उजेडात देवदूत सापडले असते, खड्डे नाही. मागचा दिवा ब्रेक दाबला तरी तसाच आणि सोडला तरी तसाच. ब्रेकचे पॅड झिजून नुसते पत्रे उरलेले. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं तर हिरडीतल्या दातासारखं हललं, चेन दोरीवरच्या कपड्यांसारखी लोंबत होती, टायरांना भेगा. मी एकेका गोष्टीला मान खाली घालत होतो, जणू काही माझेच रिपोर्ट वाचले जात आहेत. शेवटी मी अगदी हळू विचारलं, आणि इंजिन? तो मान डोलवायला विसरला.

"इंजिन तपासायचं मला काम नाही," तो म्हणाला. "ह्या गाडीत जे एकच ठणठणीत आहे नेमकं त्यालाच मला मार्क देता येत नाहीत. चालायला हिची काही हरकत नाही, नॉर्मन. हिची हरकत थांबायला आहे."

मी त्याला तुमची अट सांगितली. गयावया केली म्हणा हवं तर. त्याने हात पुसले. मग त्याने त्याच्या वडिलांचं सांगितलं. त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती तो हिवाळा. दुधाची गाडी यायची बंद झाली, टपालवाला यायचा बंद झाला, दाराशी बर्फाची भिंत. आणि रोज सकाळी खालच्या वळणावर ह्या इंजिनाचा आवाज यायचा. म्हातारा तो ऐकून विजार गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि म्हणायचा, आल्या बाई. घरातल्या बाकी कुणालाच तोवर काही ऐकू आलेलं नसायचं. एक दिवस आवाज आला नाही, तर तो जेवलाच नाही; आणि संध्याकाळी तुम्ही गाडी खाली ठेवून पायी आलात.

"मी पास करू शकतो," फिअरन म्हणाला. "कुणी विचारणार नाही. पण त्या बाईंच्या गाडीला मी खोटं सर्टिफिकेट दिलं, आणि उद्या ती त्या उतारावर थांबली नाही, तर? नापास."

तर आत्या, नापास. (आता शेवटचं पान बघितलंत ना? मग थोडं वाचूनच टाका.) पण तो तिथे थांबला नाही. नापास गाडी दुरुस्त करून पुन्हा आणायची मुभा असते, आणि त्याने गॅरेजचा मागचा कोपरा, त्याची हत्यारं आणि त्याची प्रवचनं माझ्या हवाली केली. ग्लेनिस दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, माझी कामाची पद्धत पाहिली, डबा ठेवला आणि बाह्या सरसावल्या. तुमचं प्लास्टर तिने कापलं. 'लवकर बरी हो'चा तुकडा जपून ठेवला आहे. चाकाचं बेअरिंग तिने बसवलं. मी हेडलाइट आभाळातून रस्त्यावर आणला. टाके मात्र कुणी काढू दिले नाहीत, फिअरनने सुद्धा.

एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. हँडल सरळ धरलं की मधोमध खटकन अडायचं, ते उघडलं तेव्हा फिअरनने आतली पोलादी कडी माझ्या हातावर ठेवली. तिच्यात बारीक खड्डे पडले होते, बेअरिंगच्या गोळ्या जिथे टेकतात तिथे, एकाच ओळीत. तो म्हणाला की हे वळणांनी होत नाही, सरळ जाताना बसलेल्या धक्क्यांनी होतं. बाई हँडल सरळ धरून जातच राहिल्या. आत्या, मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की पाणी दगड कसा कोरतं. एक बाई पोलाद कशी कोरते हे मला कधी सुचलंही नव्हतं. मी ती कडी हातात धरून बसून राहिलो. ग्लेनिसने चहा आणला आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता शेजारी बसली.

परवा फिअरनने पुन्हा सगळं तपासलं. माझ्यावर विश्वास नसल्यासारखं, आणि ते बरोबरच होतं. हॉर्न वाजवला तेव्हा गॅरेजातलं कुत्रं पळालं. ब्रेक लावला तेव्हा गाडी थांबली, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. पास. येताना मी डोंगराच्या माथ्यावर पोचलो आणि केवळ थांबता येतं म्हणून थांबलो. इंजिन बंद केलं. खाली सगळा किनारा, पलीकडे समुद्रात मॅन बेट, मागे आपलं डडनचं खोरं, आणि वारा इतका की टोपी धरून ठेवावी लागली. मी हा प्रदेश फळ्यावर खडूने किती वेळा काढला असेन. पण इथून ऐन हिवाळ्यात, अंधारातून, कुणाच्या तरी पायाची पट्टी बदलायला एकटीने जायचं, आणि ते रोज, हे नकाशात कुठे दिसत नाही. मला तिथे फार लहान वाटलं, आणि त्यात वाईट असं काही वाटलं नाही. मग बटण दाबलं. पहिल्या दाबात सुरू.

पत्र लांबलं. मेट्रनबाईंना नमस्कार, त्या रडकुंडीला आलेल्या मुलीला विशेष नमस्कार. औषधं वेळेवर घ्यावीत (हे मी तुम्हाला सांगतो आहे, काळ उलटा आला). सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे.

तुमचा भाचा,
नॉर्मन

ता. क. – अट तुमचीच आहे, आणि ती पूर्ण झाली आहे. उल्फाच्या घराची खिडकी उघडून ठेवली आहे. मांजराची ताटली आम्ही आमच्याकडे आणली, मांजरासकट.

आणखी ता. क. – मूळ सांगायचं ते हेच: येत्या शनिवारी मी तुम्हाला गाडी दाखवायला ग्रेंजला घेऊन येतो आहे. पण एक अडचण आहे. गाडीचा स्टँड अजून नीट टेकत नाही, त्यामुळे तिला सोडून मला आत येता येणार नाही. मी फाटकाबाहेर तिला धरून उभा राहीन. तुम्हाला बघायची असेल, आवाज ऐकायचा असेल, तर खुर्चीतून उठून पायऱ्या उतरून फाटकापर्यंत यावं लागेल. मी पुष्कळ वेळ थांबू शकतो. सावकाश या.

ता. क. (ग्लेनिसच्या हातचा) – आत्याबाई, स्टँड अगदी उत्तम आहे. मी स्वतः बसवलाय. तुम्ही बाहेर याच.