चुलीमागच्या जपानी फरशा

सासूबाई,

'तीर्थरूप' लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतं सासूबाई. तुम्हांला जाऊन तीन महिने झाले. आज तुमचे चिरंजीव शाळेत शिकवायला गेले आणि मी छिन्नी-हातोडी घेऊन चुलीमागच्या तुमच्या फरशा काढायला बसले. निम्म्या निघाल्यात. दमले, म्हणून हात धुऊन हे लिहायला घेतलं. तुम्हांला कळवल्याशिवाय चैन पडेना.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना म्हणे. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा तुमच्या चिरंजीवांनी हात जोडले, "आई, तुझं स्वयंपाकघर आहे तसंच ठेवू, एक फरशी हलणार नाही." मग कुठे कावळा आला. मेल्यावरही हट्ट सोडला नाहीत की! पण शब्द त्यांनी दिला. मी घाटावर नव्हते.

माझे अण्णा आठवतात? मला भेटायला कुर्डुवाडीहून आले होते. रेल्वेच्या कारखान्यात उजव्या हाताची बोटं चेंगरल्यापासून त्यांना पेला धरता यायचा नाही. कानाचा चिनी कप तेवढा धरता यायचा. तो ते पंच्यात गुंडाळून जातील तिथे घेऊन जायचे.

तुम्ही कप पाहिलात आणि दारातच अडवलंत. "चिनी माती ओवळी. हाडांची भुकटी असते तिच्यात. उंबऱ्याच्या आत यायची नाही." म्हणून माझे वडील, तुमचे व्याही, शुक्रवार पेठेत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत बाहेर ओट्यावर बसले. मी चहाचं तपेलं घेऊन गेले, तर मागून तुमचा आवाज, "तपेलं कपाला लावू नकोस. वरून ओत."

मी वरून ओतला. निम्मा चहा त्यांच्या धोतरावर सांडला.

"असू दे गं, लई गरम न्हवता," अण्णा म्हणाले. कप त्यांनी स्वतःच विसळला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. पुन्हा आमच्या दारात आले नाहीत. माघात वारले.

आणि वर्ष सरायच्या आत तुम्ही काय केलंत? वकिलांच्या घरी गुलाबाच्या फुलांच्या जपानी फरशा पाहिल्यात आणि तशाच आणवल्यात. कुठे? सोवळ्याच्या चुलीमागे! जन्मात एकदाच मी तोंड उघडलं, "सासूबाई, हीपण चिनी मातीच ना?" तर हसून म्हणालात, "यातनं कोण पितंय?" पुढे आठ वर्षं रोज राखेनं घासायला लावल्यात मला. वर बोट फिरवून बघायचात.

चुन्यात गूळ घालून बसवून घेतल्या होत्यात. सहजी निघत नाहीत. कडेनं पाणी मुरवायचं, मग छिन्नी घालायची. पहिली अख्खी निघाली. गुलाब सुरेख आहे, खोटं कशाला बोलू? तरी पाट्यावर आपटून फोडली. फार बरं वाटलं.

चिरंजीव घरी येऊन म्हणतील, आईला शब्द दिला होता. मी सांगेन, चिनी माती ओवळी, आईंचंच सांगणं. काय बोलतील?

एवढं झाल्यावर मन शांत व्हायला हवं होतं. होत नाही. तुम्ही दारात उभ्या होतात, पण तपेलं माझ्या हातात होतं. "नाही ओतणार" म्हणायला मला काय धाड भरली होती? अण्णांनी तुमच्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. ते माझ्या हाताकडे बघत होते.

संध्याकाळपर्यंत भिंतीवर एकही फरशी राहणार नाही, हा माझा शब्द. मी जिवंत असेपर्यंत तुम्हांला माफ करणार नाही, हाही. मला स्वतःला करीन की नाही, ते तुम्ही विचारायचं नाही.

तुमची सून म्हणून सही करत नाही.

अण्णांची गोदू