टोरानाचा साक्षीदार काटा

९ नोव्हेंबर
टेरेटोंगाच्या शर्यतीत आज पुन्हा शेवटचा. कारण सापडलं. माझ्या टोराना गाडीला धड टॅकोमीटरच नाही. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय हे कळत नसेल, तर माणसाने गिअर बदलायचा कधी? ग्लेनिस म्हणाली, डेस, बाकीचे कानाने बदलतात. बायकोशी तांत्रिक विषयावर बोलायचं नाही, असं ठरवलं.

१४ नोव्हेंबर
कॅटलॉग वाचून डोळे दुखले. दिवे लागणारं मीटर नको, लक्ष उडतं. छोटं नको, चष्मा लागतो. मोठ्या तबकडीचं, साक्षीदार काटा असलेलं हवं. फेरे जिथवर चढले तिथंच हा दुसरा काटा अडकून बसतो. ड्रायव्हरने किती जिगर दाखवली त्याचा पुरावा! ग्लेनिसने विचारलं, याने गाडी जोरात पळते का? उत्तर दिलं नाही. (ठराव पाळला.)

२२ नोव्हेंबर
क्लबातल्या रसेलने एस्कॉर्ट गाडी विकली, तिच्यातलं मीटर मला दिलं. बिअरच्या खोक्यावर सौदा. रसेल नेहमी पहिला येतो, म्हणजे मीटर चांगल्या पायगुणाचं असणार. मागे बारीक बटण आहे, चार-सहा-आठ लिहिलेलं. सध्या चारवर. चालत्या वस्तूला बोटं लावू नयेत, हे माझं तत्त्व.

२३ नोव्हेंबर
बसवलं. आमच्या क्लबातल्या पद्धतीप्रमाणे तबकडी फिरवून सहा हजारांचा आकडा बरोबर डोक्यावर आणला. आता आकडे वाचायची भानगड नाही. काटा उभा झाला, की गिअर बदल. इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी बाराशे दाखवतं. मी त्याला मरगळलेलं समजत होतो. बिचाऱ्यावर अन्याय झाला.

७ डिसेंबर
शेवटचा. पण साक्षीदार काटा सहा हजारांवर! चीज रोल खात बसलेल्या एकेकाला हाताला धरून आणून दाखवला. रसेल म्हणाला, सहा हजार? बाहेरून तर गाडी जांभया देत होती. जळतात लोक.

१८ जानेवारी
शेवटचा. टायर, नाहीतर दक्षिणेचा वारा.
घरी आलो तर ग्लेनिस पावसात आमच्या सहलीच्या कॅरव्हॅनवर ताडपत्री बांधत होती. म्हणाली, चार वर्षं कॅरव्हॅन बाहेर कुजतेय आणि शेडमध्ये तुझी टोराना झोपा काढतेय. मार्चच्या शर्यतीतही शेवटचा आलास, तर टोराना विकायची आणि कॅरव्हॅन आत. मी हो म्हणालो. ही गाडी गेली तर शनिवारी मी कोण? शेडमध्ये जाऊन थोडा वेळ गाडीत बसलो.

२ मार्च
घोडं इथं पेंड खात होतं! रसेल शेडवर आला होता. मीटरमागे सहज हात घातला आणि म्हणाला, अरे बाबा, हे अजून चारवरच? एस्कॉर्टला सिलिंडर चार होते, तुझ्या गाडीला सहा. तुला सगळं दीडपट दिसतंय. म्हणजे मी सहा हजार समजत होतो, तेव्हा इंजिन चार हजारांवर रमतगमत चाललं होतं! इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. दोष माझा नव्हताच. बटण सहावर केलं, साक्षीदार काटा शून्यावर आणला. क्लबात जाहीर केलं, आजवर तुम्ही दोन-तृतीयांश डेस पाहिलात. शर्यत संपली की सगळ्यांनी काटा बघायला या. सगळे येतो म्हणाले.
ग्लेनिस म्हणाली, इतके दिवस अंगण वाकडं होतं ना? झालं सरळ. नाच आता.

१५ मार्च, सकाळ
काटा उभा होईपर्यंत पाय काढायचा नाही. काहीही होवो.

१५ मार्च, संध्याकाळ
पाय काढला.
चार हजारांच्या पुढे ती गाडी किंचाळते. खरंच किंचाळते. मला कुणी सांगितलंच नव्हतं. दर फेरीला सरळ रस्ता आला की ठरवायचो, आता दाबायचं. पाय ऐकेना. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटचा आलो. साक्षीदार काटा चार हजार शंभरवर.
आत येऊन गाडी लावली, तर मंडळी बिअर घेऊन माझ्याकडेच निघालेली. काय करणार? न्यूट्रल केलं, डोळे मिटले आणि उभ्या गाडीत पाय दाबला. डोळे उघडले तेव्हा काटा सहा हजारांवर होता आणि रसेल खिडकीशी. सगळ्यांनी वाकून काटा पाहिला. रसेलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हसला असता तर बरं झालं असतं.
घरी येताना ग्लेनिस एवढंच म्हणाली, डेस, उभ्या गाडीचा आवाज वेगळा येतो रे.

१६ मार्च
टोराना बाहेर, ताडपत्रीखाली. पाटी लावली, विकणे आहे. कॅरव्हॅन शेडमध्ये ढकलली. हातभर बाहेर राहते, दार लागत नाही. ग्लेनिसने विचारलं, मोजलं होतंस ना? मोजलं होतं. मोजपट्टीत दोष असणार. उद्या चांगली मोजपट्टी बघायला हवी.