मागे बसलेलं चाक पुढे बसेना

सवुकोस्की, रविवार

ती. दाजी आर्मास यांस,

टाउनोचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला आता बरा असेल असं धरून चालतो. फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघं नुसते एकमेकांचे श्वास ऐकत बसतो, म्हणून पत्र.

वि. वि. सायमीचे दिवस भरत आलेत. हॉस्पिटल पार लांब रोवानिएमीला, जावई जहाजावर, म्हणजे लेकीला न्यायचं मीच. म्हणून यंदा हिवाळ्याची चाकं नवी घ्यायची ठरवलं. गाडीच्या दारावर कंपनीने सोळा इंची माप छापलंय, ते निमूट घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पेट्रोलपंपावर कॉफी प्यायला गेलो. (आपल्या गावचे पुरुष स्वतःच्या लग्नातही बोलले नसतील, पण टायर म्हटलं की सगळ्यांना कंठ फुटतो.) रेइनो म्हणाला, "रुंद टायर बर्फावर तरंगतो रे, अरुंद घे. पंधराची रिम घे, टायर जरा उंच घे, बाहेरून घेर तोच!" घरी येऊन गणित मांडलं, घेर खरोखरच जुळला. घेतली चाकं. एक मागे लावून पाहिलं, झक्कास बसलं. पुढेही लावून पाहणारच होतो, पण तेवढ्यात वाफेच्या अंघोळीचा सॉना तापला, आणि तापलेला सॉना सोडून चाक बघत बसणारा माणूस आपल्यात अजून जन्मायचाय.

गुरुवारी बर्फ पडला. पुढे चाक चढवलं तर रिम ब्रेकला अडली, जागची हलेना! (घेर मोजला, पण पुढचा ब्रेक मागच्याहून मोठा असतो, तो कोण मोजणार?) आता गाडीला मागे हिवाळा आणि पुढे उन्हाळा. रेइनो म्हणतो, "कानशीने घास की थोडा ब्रेक." लेकीला घेऊन जायच्या गाडीचा ब्रेक घासू? दाजी, मला फार भीती वाटते. वळणावर गाडी घसरतेय आणि मागे सायमी बसलीय, हेच सारखं दिसतं. जेवण जात नाही. तीन दिवस गाडीखालीच आहे.

तरी तुमच्या वर्कशॉपातली सोळा इंची, बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांची चार चाकं पत्र मिळताच पहिल्या बसने पाठवावीत. उशीर नको.

तुमचा,
टाउनो

ता. क. पत्र आमच्या राइलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, सायमी काल सकाळीच मैत्रिणीच्या गाडीतून गेली. तिच्याकडेच राहणार आहे, हॉस्पिटल समोरच." निघताना लेकीने म्हणे गाडीखाली वाकून "बाबा, येते हं" म्हटलं, आणि मी आतून "पंधराचं बसत नाही" असं उत्तर दिलं.

ता. ता. क. चाकं पाठवू नका. आत्ताच सायमीला फोन केला. तिने "बाबा, कसे आहात?" विचारलं, मी "रस्ता कसा होता?" म्हटलं आणि ठेवून दिला. तेव्हा ताईला तिला फोन करायला सांगा. भीती वाटते का गं, एवढं विचारावं. वाटते म्हणाली तर सांगावं, बाबालाही वाटते.