ताटात काही उरता कामा नये

११ एप्रिल

ठरलं! पोट कापून घ्यायचं. आज सर्जनला हो म्हणून आलो.

त्याने कागदावर आधी एक फुगलेली पिशवी काढली, मग तिच्यातच एक केळं. म्हणाला, "पोट हे एवढं आहे. त्यातलं हे केळं ठेवायचं, बाकीचं काढून टाकायचं." मी म्हटलं, "म्हणजे टाकी लहान, इंजिन तेच!" हसला. "आणि इंजिनावरचा भार कमी." गडी बरा वाटला. आमच्या वर्कशॉपमध्ये खपला असता.

हमी विचारली. तर मलाच विचारतो, "तुम्ही कॉम्प्रेसर दुरुस्त करता, जन्माची हमी देता का?" नाही देत. "मग मीही देत नाही. छातीचा तो संसर्ग पुन्हा होणारच नाही असं नाही. झालाच, तर मागच्यासारखा अंगावर येण्याची शक्यता पुष्कळ कमी."

मागच्यासारखा! मागच्या हिवाळ्यात तोच विषाणू हिला, तोच मला. ही चार दिवसांत कपडे वाळत घालायला लागली. मी अतिदक्षता विभागात, पालथा. पोट छातीवर चढतं, फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही, म्हणून पालथं घालतात. मला वळवायला चौघं लागायची. एकदा एक नर्स दुसरीला हळूच म्हणाली, "याला परत वळवायचंय? माझी कंबर गेली गं." तिला वाटलं, मी गुंगीत आहे. पण नळी माझ्या नाकात होती, कानात नव्हती!

त्या एका वाक्याने जे केलं ते डॉक्टरांच्या दहा भाषणांनी केलं नाही. उचलायला चौघं शेवटी लागतातच. आधीपासून कशाला?

१२ एप्रिल

दादाला सांगितलं. दादा म्हणजे थोरला भाऊ – खालच्या मजल्यावर राहतो, वर्कशॉपमधलं सगळं वेल्डिंग त्याच्याकडे, आणि अंगाने माझ्यापेक्षा सव्वापट.

"पोट कापणार? अरे, तोंड बंद ठेव. फुकटात होतं."

हे बोलताना तोंडात बटाटावडा. हातात दुसरा.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांनाही न्या सोबत. दोघांवर काही सूट मिळते का बघा!" दादाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या उठून पाणीच आणायला गेल्या.

१९ मे

शस्त्रक्रियेआधी नुसतं पातळ. यकृत आकसावं म्हणून. सूप, ताक, पुन्हा सूप. आपल्या घरात सूप जेवणाच्या आधी येतं, जेवणाच्या ऐवजी नाही!

वर्कशॉपमध्ये एका शीतगृहाचं मशीन आलंय. मी नेहमीसारखं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला लावलं, मूठ कानाला लावली आणि ऐकत बसलो. आतून गुरगुर. म्हटलं, बेअरिंग गेलं. आमचा फोरमन – सगळे त्याला पाना म्हणतात – शांतपणे म्हणाला, "मालक, मशीन बंद आहे. ते तुमचं पोट."

सगळं वर्कशॉप हसलं. मीही. पण चहाबरोबर आलेला बटाटावडा नाही खाल्ला.

२ जून

उद्या. दादा येऊन गेला. खिडकीची कडी ढिली होती ती घट्ट करून गेला.

४ जून

झालं. जिवंत! पोटात कोणी तरी पाने विसरलंय असं वाटतंय.

पाणी औषधाच्या टोपणाने. घोट. थांबा. घोट.

६ जून

फुंकायचं खेळणं दिलंय. खरं तर फुंकायचं नाही, ओढायचं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की प्लॅस्टिकच्या डबीतल्या तीन गोळ्या एकेक करून वर चढतात. मागच्या वर्षीही दिलं होतं, तेव्हा पहिली गोळी नुसती थरथरायची. आज दोन वर गेल्या! शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस आणि गोळ्यांवर खूश. असो.

२१ जुलै

आता मऊ खायला परवानगी. चार चमचे झाले की पोट म्हणतं, बस्स.

पंचाईत वेगळीच आहे. रविवारी सगळे दादाकडे जेवतो. वहिनींचा हात जुन्या मापाचा. वाढतात ते पूर्वीच्या मला. मी चार चमचे खातो आणि ताट तसंच राहतं. आणि आमच्या घरात ताटात काही उरता कामा नये! तो नियम वडलांचा नाही, दारिद्र्याचा. आई-वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा आणि मी नऊचा. दोघांत एक ताट, एक अंडं. दादा म्हणायचा, "मला भूक नाही, तू खा." मोठा होईपर्यंत मला वाटायचं, दादाला अंडं आवडत नाही.

आज मी हात थांबवला तसं दादाने ताट स्वतःकडे ओढलं. "आण इकडे. टाकायचंय का?" पुसून खाल्लं. वर माझा चमचाही चाटला.

१५ सप्टेंबर

पँटला तिसरं भोक पाडलं. म्हणजे पट्ट्याला. (पँटला पाडलं असतं तर वर्कशॉपला अजून एक विनोद मिळाला असता.)

दादाच्या शर्टाचं बटण जेवताना उडून आमटीच्या वाटीत पडलं. ही घरी आल्यावर म्हणाली, "अहो, तुमचं उतरलेलं वजन हरवलेलं नाही हो. घरातच आहे."

हसलो. मग हसू गेलं. खरंच बोलली ती. दर रविवारी माझं ताट त्याच्या पोटात जातंय.

२८ सप्टेंबर

दादा जिना चढून वर आला. मी आत बसून ऐकत होतो. मधल्या कठड्यापाशी थांबला. फोनवर बोलल्यासारखं करत होता – "हो हो, बघतो, बघतो" – पण पलीकडून आवाज नाही, मधे नुसती धाप. माझ्या कानांना फसवतोस काय, लेका!

आत आला तसं खेळणं त्याच्या हातात दिलं. "ओढ बघू." त्याने ऐटीत ओढलं. पहिली गोळी अर्ध्यात आली, पडली. पुन्हा ओढलं. पडली.

"बिघडलंय हे."

"बिघडलेलं मी ओळखतो, दादा. माझा धंदाच तो आहे."

"एका घरात एक कापलेला पुरे."

"मागच्या हिवाळ्यात माझं काय झालं ते तू काचेपलीकडून पाहिलंस."

खेळणं टेबलावर ठेवून म्हणाला, "पाहिलं म्हणूनच त्या इमारतीत पाय ठेवायचा नाही." आणि खाली गेला. उतरताना थांबला नाही, पण कठडा करकरत होता.

सोडणार नाही मी. हिवाळ्याच्या आत त्याला सर्जनसमोर बसवायचा.

६ ऑक्टोबर

वहिनींना सांगितलं, मला निम्मं वाढा. म्हणाल्या, "हो." वाढलं तेवढंच. हात ऐकत नाही म्हणतात.

२६ ऑक्टोबर

मी, ही आणि वहिनी त्या विषाणूची लस टोचून घेऊन आलो. दादा नाही. "सुई बघूनच मला ताप येतो." चार टनाचं मशीन साखळीवर लोंबत असताना खाली उभा राहून वेल्डिंग करणारा माणूस!

सर्जनची वेळ घेतली होती. दादाने त्या दिवशी तातडीचं काम काढलं. दुसरी वेळ घेतली. तेव्हा गुडघा दुखला. तिसरी घेतली आहे. बघू कोण आधी थकतो.

२३ नोव्हेंबर

नाक वाहतंय. घसा खवखवतोय. अंगात थोडी कणकण.

लिहायला लाज वाटते पण लिहितो – बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि खेळणं ओढलं. एक. दोन. तीन! तिन्ही वर. पुन्हा केलं. पुन्हा तिन्ही.

२४ नोव्हेंबर

रविवार. गेलं! ताप नाही, छातीत काही नाही. नाक तेवढं ओढावं लागतंय. मागच्या वर्षी याच पायरीवरून खाली गेलो होतो. यंदा पायरीवर बसून चहा प्यायलो. सर्जनला फोन केला, "इंजिन पास!" तो म्हणाला, "मास्क लावून घरी बसा, मिरवायला जाऊ नका." पण मला कोणाला तरी दाखवायचं होतं. कोणाला म्हणजे दादालाच. मास्क लावून जेवायचं कसं? तसाच खाली गेलो जेवायला.

"बघ, हीच सर्दी मागच्या वर्षी मला घेऊन चालली होती. आता बघ!" छाती ठोकून दाखवली. दादा म्हणाला, "कोंबडं आरवतंय." पण ऐकत होता, हे मला कळलं. सर्जनच्या तिसऱ्या वेळेला नाही म्हणाला नाही.

पाच चमचे खाल्ले. बाकीचं नेहमीसारखं त्याने ओढून घेतलं. वहिनी चमचा द्यायला उठल्या तर म्हणाला, "याचाच आहे की. दुसरा कशाला खराब करतेस?"

२७ नोव्हेंबर

दादा कामावर आला नाही. ताप. वहिनी म्हणतात, घाबरण्यासारखं नाही.

३० नोव्हेंबर

सकाळी दादाला फोन केला. "बरा आहे," म्हणाला. पण "बरा" आणि "आहे" यांच्यात एक श्वास. "उद्या... येतो... कामावर." तीन शब्द, तीन हप्त्यांत. फोन न ठेवताच खाली धावलो.

पलंगावर बसला होता, उशीवर हात टेकून. मागच्या वर्षीचं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्याच्या बोटाला लावलं. ८४. वहिनी म्हणाल्या, "सेल गेले असतील." माझ्या बोटाला लावलं. ९८.

"नाही जायचं," दादा म्हणाला.

"विचारत नाहीये."

पाना आणि तिघं वर्कशॉपमधून धावत आले. खुर्चीवर बसवून बाहेर गाडीपर्यंत नेला. चौघं. मी पुढे, दार धरून.

१ डिसेंबर

छातीचा डॉक्टर तोच, मागच्या वर्षीचा. म्हणाला, "आज आणलंत म्हणून. उद्या आणलं असतंत तर मी वेगळं बोलत असतो. कसं ओळखलंत?" वहिनींनी सांगितलं – भावजींचे कान. तो माझ्याकडे कौतुकाने बघत राहिला.

मग सहज विचारलं, "घरात आधी कोणाला सर्दी झाली होती?"

हिने माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी पाहिलं नाही.

"मला," मी म्हटलं.

"मग तुमचं काय झालं?"

"काही नाही. एका दिवसात गेली."

डॉक्टरने मान हलवली. पुढच्या खाटेकडे गेला.

काही नाही! तोच विषाणू. तोच चमचा.

३ डिसेंबर

दादा पालथा. नळी. आज नर्स वळवायला आल्या, तर मी मधे पडलो. "मी धरतो. कसं धरायचं ते मला माहीत आहे. मी आतून पाहिलंय." आधी नाही म्हणाल्या. मग हातमोजे, मास्क, झगा सगळं चढवून घेतलं. खांद्याखाली हात घातला. केवढा जड! त्यात माझंही आहे थोडं. कोणीही कंबरेबद्दल काही बोललं नाही.

७ डिसेंबर

तसाच.

वर्कशॉप पानाच्या हवाली. मी सर्जनला फोन करून तिसरी वेळ रद्द केली नाही, पुढे ढकलली. पलीकडची बाई म्हणाली, "तारीख कोणती देऊ?" म्हटलं, "नंतर सांगतो. पण नाव ठेवा." नाव ठेवायचंच.

११ डिसेंबर

ऑक्सिजन कमी केला! डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याशी उभा न राहता बसून बोलला.

१६ डिसेंबर

नळी काढली. आता नुसता मास्क. वहिनी त्याचे केस विंचरत होत्या. त्या चहाला गेल्या तेव्हा मी बोललो. डोळ्यांकडे न बघता, त्याच्या पायांच्या बोटांकडे बघून.

"दादा, हे माझ्याकडून आलं तुला. त्या रविवारी. मला सर्दी होती तरी मी मिरवायला आलो."

मास्कमधून आवाज आला. बारीक, भिजलेला. "माहितीय."

"काय माहितीय?"

"जेवताना... दोनदा नाक ओढलंस. कान काय... तुला एकट्यालाच दिलेत?"

"मग माझं उष्टं खाल्लंस कशाला?"

मास्क सरळ केला. मग म्हणाला, "मग काय... टाकायचं होतं?"

२ जानेवारी

दादा घरी. खेळण्यात एक गोळी पूर्ण वर, दुसरी डुगडुगते. दिवसातून आठदा त्याच्यासमोर बसतो. शिव्या देतो, पण ओढतो.

१२ जानेवारी

रविवार. सगळे दादाकडे. वहिनींनी वाढलं – जुन्या मापाने. मी पाच चमचे खाल्ले. दादाकडून आठ-दहाच गेले, दमला. दोन ताटं, दोन्ही अर्धी.

दादाने माझं ताट ओढलं. त्याने ते आपल्या ताटात पालथं केलं, भिंत धरत धरत मोरीपाशी गेला आणि सगळंच्या सगळं केराच्या बादलीत टाकलं. स्वतःच्या हाताने.

परत येऊन बसला. धाप निवल्यावर म्हणाला, "छाती बरी झाली की त्या तुझ्या कापणाऱ्याकडे जाऊ. तिथे उपाशी जायचं असतं, का जेवून?"